वहीत नसलेले रविवार

रघू,

परवा तुझं तेरावं झालं आणि मी जेवायला आलो नाही. सुमनवहिनींनी मुद्दाम माणूस पाठवून निरोप दिला होता, "भाऊजींना म्हणावं, पानावर या." मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि चिंचवडहून पिंपरीपर्यंत चालत आलो. रेल्वेच्या फाटकापाशी पाय अडले. फाटक उघडं होतं. पलीकडं शे-दीडशे पावलांवर तुझी खोली. कुणीतरी पत्रावळींचा भारा घेऊन आत जाताना दिसलं. मी तिथंच उभा. मागून बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, "पाव्हणं, वलांडायचं हाय का न्हाई? मदीच का हुबं ऱ्हायलाय?" मी बाजूला झालो आणि आलो तसा परत गेलो.

चार वर्षांत तुला सांगायचं इतकं साठलंय की सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. म्हणून सगळ्यांत ताजी लाज आधी सांगून टाकली.

तू कुठं जन्मलास, किती शिकलास, मागं कोण कोण आहे, हे लिहिणारे लिहितील. मला आठवतोय तो चौथीच्या वर्गातला तू. वडील पोलिसात हवालदार, साताऱ्याकडून बदलून आलेले. वर्गात नवा, तेल चोपडलेलं डोकं, खिशाला टाचणी. तिमाहीच्या गणितात गुरुजींनी बेरीज चुकवून तुला दोन मार्क जास्त दिले. तू उठून टेबलापाशी गेलास आणि ते कापून घेतलेस. तेवढ्यावर थांबला असतास तर काही बिघडत नव्हतं. परत येताना तुझी नजर माझ्या पेपरावर गेली आणि तू तिथूनच ओरडलास, "गुरुजी, याचेही दोन जास्त झालेत." मी काठावर पास होतो, तो नापास झालो. शाळा सुटल्यावर नदीच्या वाटेवर तुला गाठून मी चांगला हाणला. तू हात उचलला नाहीस. रडत रडत एकच विचारत होतास, "पण जास्त होते की नाही? सांग ना." शेवटी हाणून हाणून मीच दमलो आणि म्हणालो, "व्हय, होते." मग आपण दोघं पवनेत पोहायला गेलो.

त्या 'व्हय'ला तू पुढं कायम हसायचास. मला चार लोकांत शुद्ध बोलायला तूच शिकवलंस, आणि घरी आलास की माझ्या आईशी तूच आमच्यासारखं बोलायला बघायचास. ती म्हणायची, "रघुनाथा, तुझ्या तोंडात ते ऱ्हात न्हाई बाबा, सांडतंय."

रस्त्याकडचा शेताचा तुकडा विकून मी बिडाच्या ओतकामाचा कारखाना काढायचं ठरवलं तेव्हा घरात दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. "लोखंड वितळवून प्वाट भरतं व्हय रं?" असं आईनं विचारलं, तेवढंच. तू तेव्हा पुण्याला लष्कराच्या हिशेब कचेरीत होतास. पेन्शनीची नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार. ती सोडून तू माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसलास. लोकांनी कारण विचारलं तर सांगायचास, "बाळूला बेरीज येत नाही. कुणीतरी पाहिजे ना तिथं."

एक भट्टी, बावीस माणसं. आधी उसाच्या चरकाचे भाग ओतायचो, मग पुण्याच्या एका कंपनीच्या इंजिनांची चाकं. पहिल्या वर्षीची गोष्ट. आपला माल वजनावर जायचा आणि त्या कंपनीच्या काट्यानं दोन महिने आपलं वजन जास्त धरलं. तू मला न विचारता त्यांना पत्र लिहिलंस आणि जास्तीचे पैसे कापून घ्यायला सांगितलेस. मी आठ दिवस धुसफुसत होतो. नंतर त्याच पत्राचं नाव काढून त्यांनी आपल्याला तिप्पट काम दिलं. त्या दिवशी मी स्टेशनवरून पेढे आणले आणि बावीस जणांसमोर म्हणालो, "आमचा रघुनाथ म्हणजे सोनं आहे." खरं सांगू? तुझा खरेपणा तेव्हा मला परवडत होता. परवडायचा तोवर तो मला फार आवडायचा.

मग आली ती मोठी ऑर्डर. तीन महिन्यांत चाकं द्यायची, उशीर झाला तर दंड. सहा दिवसांच्या कामात बसत नव्हतं. रविवारी भट्टी पेटवणं भाग होतं आणि रविवार तर कायद्यानं सुट्टीचा. आपण दोघं कचेरीच्या फळ्यांच्या खोलीत बसलो होतो. तू हजेरीपत्रक पुढं ओढलं होतंस.

"रविवार यात दाखवायचा नाही," मी म्हणालो. "इन्स्पेक्टर आला तर अडकू."

"मग रविवारी काम नको करायला."

"मग ऑर्डरच नको, असं म्हण की सरळ."

तू विचारलंस, "माणसांना त्या दिवसाचा रोज तर द्यावा लागेल. तो कुठं लिहू?"

"वाळूच्या गाडीभाड्यात घाल."

"एवढी वाळू आपल्याला दहा वर्षांत लागायची नाही, बाळू."

"तीन महिन्यांचा प्रश्न आहे रे. कुणाचं खातोय का आपण? उलट माणसांना जादा रोज मिळतोय. माझ्यासाठी कर."

माझ्यासाठी कर. एवढ्या वर्षांत हे मी तुला पहिल्यांदा म्हणालो होतो, आणि म्हणताना मला पक्कं ठाऊक होतं की याला तुझ्याकडं उत्तर नाही. तू उठलास, खिडकीशी जाऊन उभा राहिलास. पुढच्या सोमवारी मी वही उघडून पाहिली. तुझ्या त्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, 'वाळू वाहतूक, गाड्या अकरा.' रविवारी कामावर अकरा माणसं होती. माणसामागं एक गाडी. मला हसू आलं होतं तेव्हा. खोटं लिहितानाही याला आकडा बरोबर लागतो, असं वाटलं.

त्याच महिन्यात तू आणखी एक कागद माझ्यापुढं ठेवलास. जड चाकं उचलायच्या चेनपुलीची साखळी झिजली होती, नवीची किंमत काढून आणली होतीस. "ऑर्डरचे पैसे येऊ देत," मी म्हणालो. तू कागद परत उचलला नाहीस, टेबलावरच ठेवून गेलास. मी तो कागदांवर ठेवायच्या दगडाखाली सरकवला.

सातव्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, मारुती चाक उचलत होता. करमाळ्याकडचा मारुती, तिशीतला, कामात ओव्या म्हणायचा आणि इतरांच्या शिव्या खायचा. मी दहा हातांवर होतो. साखळीची कडी उघडली आणि चाक त्याच्या उजव्या पायावर आलं. आवाज फार मोठा झाला नाही. मारुती ओरडलाही नाही. आम्ही धावत गेलो तर माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "मालक, चाक फुटलं का वो?"

हे वाक्य मी तुला कधी सांगितलं नव्हतं. पुढं चौकशी झाली तिथंही नाही. तेव्हा तू तिथं नव्हतास. कुणीतरी धावत तुला सांगायला गेलं आणि तू अर्धी दाढी केलेला, साबण तसाच गालावर, अनवाणी पळत आलास. रस्त्यावर आडवा उभा राहून तू लष्करी ट्रक थांबवलास. मारुतीचं डोकं मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत तूच गेलास. मी मागं राहिलो. भट्टी पेटलेली होती, ओतकाम अर्ध्यावर टाकता येत नाही, असं मी माणसांना सांगितलं. ते खरंही होतं. संध्याकाळी कळलं, पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

सोमवारी तू हजेरीपत्रक घेऊन माझ्यासमोर बसलास. मारुतीच्या नावापुढं शनिवारी हजर, रविवार कोरा.

मी म्हणालो, "हे बघ, आपल्याला काहीच खोटं लिहायचं नाही. आहे ते तसंच राहू दे. काल कारखाना बंद होता. मारुती स्वतःच्या कामानं आत आला आणि कशाला तरी हात लावायला गेला."

"आणि वाळूच्या गाड्या?"

"त्या वाळूच्या गाड्या आहेत."

तू त्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलंस. मग म्हणालास, "ही कोरी मी ठेवलीय, बाळू. तुझ्या हातानं नाही, माझ्या. याचे पैसे त्याला मिळायला हवेत आणि ते मिळायचे तर ही चौकट भरायला हवी."

"मी देतो ना त्याला! तीनशे रुपये देतो. बरा झाला की राखणदार म्हणून ठेवतो. कायद्यानं किती मिळतील आणि कधी मिळतील, याचा भरवसा आहे का?"

"तू देशील ती भीक झाली."

त्यावर मी तुला जे बोललो ते लिहीत नाही. तुझ्या लक्षात असेल. असेल म्हणतोय बघ, जणू तू कुठं बसून वाचतोयस.

दवाखान्यात मारुतीला भेटायला मी गेलो होतो, पैसे घेऊन. त्याची बायको पायथ्याशी बसली होती. मी त्याला समजावलं, काय सांगायचं ते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालक, तुमी म्हंताल तसं. पर म्या आयतवारी तितं कशाला गेल्तो म्हनून सांगू? माजं काय काम व्हतं तितं?" तो टोमणा मारत नव्हता रे. त्याला खरंच मला मदत करायची होती आणि काय कारण सांगावं ते सुचत नव्हतं. त्याची बायको मात्र एवढा वेळ माझ्या जोड्यांकडं बघत होती.

नुकसानभरपाईचा अर्ज त्यांना तू लिहून दिलास. आणि अर्ज टाकून थेट माझ्याकडंच आलास. "अर्ज मी लिहिलाय. दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये म्हणून सांगायला आलो." दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला नेहमीसारखा कामावर हजर. पुढचे कितीतरी आठवडे आपण त्या फळ्यांच्या खोलीत समोरासमोर बसलो. तू बिलं लिहायचास, मी सह्या करायचो. तुला काढून टाकावं असं रोज मनात यायचं. वकील म्हणाले, आत्ता काढलं तर वाईट दिसेल. वाईट दिसेल म्हणून मी तुला ठेवलं, रघू. तुला वाटलं असेल मैत्रीखातर ठेवलंय. शेवटपर्यंत तुला तसंच वाटत राहिलं असेल, तर हेही आज कळू दे.

पुण्याला चौकशी झाली. मी शपथेवर सांगितलं की रविवारी कारखाना बंद असतो. मग तुला वही घेऊन उभं केलं. मला अजून आशा होती. शेवटच्या क्षणी हा माझ्याकडं बघेल आणि याची जीभ अडेल, असं वाटत होतं. तू बघितलंस माझ्याकडं. मग अधिकाऱ्याला म्हणालास, "वाळू वाहतूक म्हणून सात नोंदी आहेत. ती वाळू नाही, माणसांचा रोज आहे. शेवटच्या नोंदीतल्या अकरा गाड्यांपैकी एक मारुती आहे."

अधिकारी म्हणाला, "मालकांनी लिहायला सांगितलं?"

"सांगितलं त्यांनी. पण पेन माझ्या हातात होतं. खोटं आहे हे ठाऊक असताना मी लिहिलं."

मला तिथं खाली बघायचं होतं, पण मान हलेना. तुझ्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटलेली दिसत होती.

परतताना पुण्याच्या स्टेशनवर मी तुला बाकावर गाठलं. "बावीस घरं बुडवलीस आज. कंपनी आता आपल्याला दारात उभं करणार नाही. मारुतीचा एक पाय गेला होता, तू बावीस जणांचं पोट कापलंस."

"मला माहीत आहे," तू म्हणालास.

"माहीत होतं तर मग?"

"मग काय करायला हवं होतं ते तू सांग, बाळू. मी रात्रंदिवस विचार केला. मला खरंच दुसरं काही सुचलं नाही."

तू भांडला असतास तर बरं झालं असतं. तू मला विचारत होतास. नदीच्या वाटेवर रडत विचारलं होतंस तसंच. आणि मी 'घरभेदी' म्हणून उठलो आणि दुसऱ्या डब्यात जाऊन बसलो. गाडी चिंचवडला थांबली तेव्हा तू पुढं चालत होतास. मी मुद्दाम मागं रेंगाळलो.

दुसऱ्या दिवशी तू किल्ल्या रुमालात बांधून राखणदाराकडं ठेवल्यास. बरोबर एक यादी, कुठली वही कुठल्या कप्प्यात, कुणाचं किती येणं.

मारुतीला पैसे मिळाले. आपल्याला दंड झाला, ऑर्डर गेली आणि पाच महिने भट्टी थंड पडली. माणसं घरी बसली. त्यांत मारुतीचा सख्खा भाऊ शंकरही होता. तो तुझ्या दारात येऊन म्हणाला होता म्हणे, "भाऊसाहेब, दादाला पैसं मिळालं, ब्येस झालं. पर माजं काम ग्येलं. त्या पैशावर आता दोन घरं खात्यात. त्ये सरल्यावर तुमचं खरं कुटं चुलीवर ठिवायचं?" तू त्याला काय उत्तर दिलंस ते सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मला मात्र हे ऐकून बरं वाटलं होतं. त्या रात्री मी पोटभर जेवलो. आता ती भाकरी घशात येते, पण तेव्हा गोड लागली होती, हे खोडून टाकता येत नाही.

मालकाविरुद्ध बोललेला कारकून म्हणून तुला कुणी नोकरी देईना. देहूरोडपासून खडकीपर्यंत तू सायकल मारत हिंडलास. शेवटी पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतल्या एका सिंधी कापडवाल्यानं तुला ठेवलं. त्याचं म्हणणं मी स्वतः ऐकलंय, त्याच्या दुकानात मी धोतरजोडी घ्यायला गेलो होतो, तू आत मागं लिहीत होतास. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकाला सांगत होता, "जो मालिक के मुँह पर सच बोला, वो मेरे पीठ पीछे क्या चोरी करेगा?" सगळं मागं टाकून आलेला तो माणूस, त्याला तुझी किंमत एका वाक्यात कळली होती. मी धोतरजोडी न घेता बाहेर पडलो. पगार तो निम्माच द्यायचा. पण माणूस चांगला होता. तुला खांदा द्यायला तो सगळ्यांत पुढं होता, हे सांगतो.

कारखाना पुन्हा सुरू झाला. थोडं काम, थोडी माणसं, शंकरलाही परत घेतला. मी रविवारी भट्टी पेटवत नाही. हजेरीपत्रक मी स्वतः बघतो. हे सगळं सुधारल्यामुळं की नुसतं भ्यायल्यामुळं, ते मलाही सांगता येणार नाही. नव्या हिशेबनिसाला मी अधूनमधून म्हणतो, "आधी आमच्याकडं एक होते..." आणि पुढचं वाक्य गिळतो. त्यालाही आता सवय झालीय. तो मान हलवून लिहायला लागतो.

चार वर्षांत आपण एकदाच बोललो. पिंपरीच्या त्याच फाटकात, मालगाडी जायची होती. तू सायकल धरून उभा, मी शेजारी. लांबलचक गाडी होती, डबे संपता संपेनात. तू समोर बघतच विचारलंस, "साखळी बदललीस?"

मी म्हणालो, "व्हय."

तुझ्या तोंडावर हसू आलं होतं का? मी बघितलंच नाही. गाडी गेली, फाटक उघडलं, तू सायकलवर टांग टाकलीस. मी मनात म्हटलं, आता दिवाळीला जाऊ त्याच्याकडं. दिवाळी झाली. मग म्हटलं संक्रांतीला जाऊ, तिळगूळ घेऊन गेलं की बोलायला सोपं जातं. संक्रांत झाली.

मग अर्धांगाचा झटका आला तुला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सरकारी इस्पितळात मी भेटायला आलो तेव्हा तू टक्क जागा होतास. माझ्याकडं बघितलंस. मी स्टूल ओढून बसलो. चार वर्षं मनात घोळवलेलं सगळं बोलायची वेळ तीच होती. तू उलट बोलू शकत नव्हतास, उठून जाऊ शकत नव्हतास. आणि मी काय बोललो? मुंबईच्या रस्त्यावर नवी खडी टाकतायत म्हणालो. स्टेशनपाशी हॉटेल निघालंय, चहा बरा मिळतो म्हणालो. आईचे गुडघे दुखतात म्हणालो. पाऊण तास मी हेच बोलत होतो रे. तुझ्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळायला लागलं. मला वाटलं, कळलं याला. न बोलताच कळलं. मी रुमालानं ते पुसलं आणि माझेही डोळे भरून आले. तेवढ्यात नर्सबाई आल्या. म्हणाल्या, "रडत नाहीत ते. पापणी मिटत नाही ना, म्हणून त्या डोळ्यातून सारखं पाणी येतं."

तेवढं एक घेऊन घरी गेलो असतो, तेही राहिलं नाही.

पाचव्या दिवशी तू गेलास. नदीवर मारुती आला होता, कुबडीवर. त्याला घाटाच्या पायऱ्या उतरता येईनात म्हणून तो वरच उभा राहिला. सगळं उरकून मी वर आलो तेव्हा तो तसाच उभा होता. मला रामराम केला. म्हणाला, "मालक, भाऊसाहेब दर वर्साला घरी यायचं. एकच इचारायचं, मारुती, माज्यावर राग न्हाई ना? म्या म्हनायचू, कसला राग, तुमी तर माजं भलं क्येलं. त्यास्नी पटायचंच न्हाई. फिरून इचारायचं."

मला त्याचा अर्थ लागेना. तू कशाची माफी मागत होतास? तू तर खरं बोलला होतास. घरी येऊन विचार केला, तेराव्याला येतो म्हणून निघालो, फाटकातून परत गेलो, तेव्हाही डोक्यात हेच होतं.

काल मात्र आलो. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं. तेराव्याला का आला नाहीत हे विचारलं नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि एका दमात म्हणालो, "वहिनी, रघूचं बरोबर होतं. चौकशीत तो बोलला ते बरोबर होतं. मी चुकलो."

त्यांचा हात सुपात चालूच होता. म्हणाल्या, "ते बरोबर होतं हे त्यांना माहीत होतं, भाऊजी. त्याचा त्यांना कधी त्रास झाला नाही. त्यांची झोप गेली होती ती आधीच्या गोष्टीनं."

"कुठल्या?"

"पहिल्या रविवारच्या. म्हणायचे, मी त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर बाळूनं ऐकलं असतं. रविवारी काम झालंच नसतं, मारुतीचा पाय राहिला असता. मी मैत्रीखातर हो म्हटलं आणि माणूस अधू केला. चार वर्षं हेच." मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "ऐकलं असतं का हो तुम्ही?"

मी काहीही सांगू शकलो असतो. ऐकलं असतं म्हणालो असतो तर निम्मा दोष तुझ्या अंगावर गेला असता आणि मी हलका झालो असतो. तू नाहीस, वही नाही, पडताळून बघणारं कुणी नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढं ते जमेना.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "ऐकलं नसतं. मी मनात ठरवूनच आलो होतो. त्यानं नाही म्हटलं असतं तर मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं. माझ्या हातानं खरडलं असतं. पण रविवारी भट्टी पेटवली असती."

वहिनींचा चेहरा बदलला नाही. आत चुलीवर दूध होतं, त्याचा वास आला तशा त्या उठल्या. उंबऱ्यापाशी थांबून, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मग चार वर्षांत एकदा येऊन एवढं सांगायला काय झालं होतं, भाऊजी?"

त्या बाहेर यायची मी वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. मी चपला घातल्या आणि निघालो.

एक वाक्य होतं, रघू. माझ्यापाशी होतं, फुकट होतं. फाटकात मालगाडी जात होती तेवढ्या वेळात चारदा सांगून झालं असतं. इस्पितळात खडीबद्दल बोललो त्याऐवजी सांगता आलं असतं, तुला ऐकू येत होतं. त्यावर तुला झोप लागली असती. आता ते कुणाच्याच कामाचं नाही, तरी लिहितो.

नसतं ऐकलं मी, रघू. तू नाही म्हणाला असतास तरी नसतं ऐकलं.